हानुसची जागा

ऐक ना, बार्तल. आधी नुसतं ऐक, मधे एक शब्द बोलू नकोस. तो व्हिडिओ तू पाहिलायस हे मला माहितेय. डेन्मार्कात तुझ्या अख्ख्या कॉलेजानं पाहिला असणार, 'पेनल्टी सोडून पळणारा गोली', अन् खाली ती हसून हसून रडणारी तोंडं. माझी चुलतबहीण तर म्हणाली, तू आता आपल्या देशातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस. बरं, पळालो. खोटं कशाला बोलू? पण कुठे पळालो ते त्यात दिसत नाही, धुकं होतं. अन् का पळालो ते तर कुठल्याच कॅमेऱ्यात यायचं नाही. कॉफी घे, थंड झाली तर ओतून दुसरी करू, पण ऐक.

हानुसपासून सुरू करतो. तुला माहितेय सगळं, तरी सांगतो, कारण हे एकमेकांत असं अडकलंय ना, जाळ्यासारखं, एक टोक सोडलं की काहीच हाताला लागत नाही.

हानुस गोलात उभा राहायच्या आधीची, आपल्या क्लबाची युरोपातल्या फुटबॉल स्पर्धेतली वर्षं आठव. नावेच्या घरात ड्रॉ बघायला सगळं गाव जमायचं. आब्सलोन आपला अध्यक्ष, गॅरेजचे काळे हात तसेच घेऊन यायचा, दोन मासळीच्या बादल्या मांडायचा, अन् त्यात जाळ्याचे लाकडी तरंगे टाकायचा, खडूनं क्लबांची नावं लिहिलेले. तिकडे टीव्हीवर सुटातले लोक काचेच्या भांड्यातून चेंडू काढणार, त्याच्या आधी आपण आपला ड्रॉ काढून बघायचा. कधी जुळला नाही, पण रीत ती रीत. वरच्या बादलीत तगडे, म्हणजे ज्यांची मागच्या पाच वर्षांच्या गुणांची बेरीज मोठी. खालच्या बादलीत किरकोळ. एक तरंगा वरचा, एक खालचा, झाली जोडी. तगडे तगड्यांना सुरुवातीला भेटायचे नाहीत, किरकोळांनी मात्र त्यांचा मार खायचा. अन् आपण कायम खाली. दरवर्षी कोण यायचं? ज्यांची बस आपल्या चर्चपेक्षा मोठी. पहिल्याच फेरीत पाच, सहा, एकदा तर नऊ गोल. हानुसचा बाप दान्यल म्हणायचा, "आपण पात्रता फेरी खेळत नाही रे, आपण पाहुणचार करतो."

मग ते वर्ष आलं. हानुसचं. खालच्या बादलीतून निघालो अन् फेरीमागून फेरी मारत शेवटच्या पात्रता फेरीपर्यंत गेलो. किती पेनल्ट्या अडवल्या त्यानं! त्याची ती सवय आठवते ना? समोरचा धावायला लागला की हा स्वतःशीच हळू पुटपुटायचा, "डावी." नाहीतर, "उजवी." अन् तिकडेच झेप. मी तेव्हा त्याचा बदली गोली, बाकावरून मला ऐकू यायचं. विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाला, "बाबा जाळं टाकताना पाण्याकडे बघतो ना, तसं बघायचं." एवढंच.

त्या वर्षाचे गुण आपल्या बेरजेत बसले अन् पुढच्या उन्हाळ्यात आपलं नाव पहिल्यांदा वरच्या बादलीत गेलं. पण ते बघायला हानुस नव्हता. त्याच शरदात तो एकटाच होडी घेऊन गेला अन् होडी एकटीच सापडली, टोकापलीकडे. वल्ही आत काढून शेजारी शेजारी नीट ठेवलेली. तो नाही. कधीच नाही.

आता आपल्याकडची रीत. ज्याचं शरीर सापडत नाही त्याचं नाव चर्चच्या आवारात दगडावर कोरायचं, गाव जमायचं, संपलं. पण दान्यल तयार होईना. बाप आहे, कोण जबरदस्ती करणार? पाद्री जाऊन आला, आब्सलोन जाऊन आला. दान्यलचं एकच. "टीव्हीवर ती यादी दाखवतात ना, कुणाचे किती गुण? त्यात आपल्या नावापुढचा आकडा कुणाचा आहे? हानुसचा. तिकडे स्वित्झर्लंडात, युरोपी फुटबॉलच्या कचेरीत बसलेली माणसं माझ्या पोराला अजून मोजतायत, अन् मी त्याचा दगड रोवू?"

म्हणून दगड नाही. अन् दगड नाही म्हणून कपडे बदलायच्या खोलीतली त्याची खुंटी तशीच, एक नंबरचा शर्ट तिथेच लटकलेला. जसं नावेत बुडालेल्या माणसाची फळी रिकामी ठेवतात ना, दगड रोवेपर्यंत कुणी बसत नाही, तसं. गोली मी, पण शर्ट माझा तेवीस नंबरचा अन् बॅग माझी जमिनीवर. पोरं मला काय म्हणायची ठाऊकेय? 'भाडेकरू'. "भाडेकरू, जरा सरक." मी हसायचो. पण खरं सांगू? मला ती खुंटी हवी होती. फार हवी होती.

अन् दान्यलनं काय केलं, तर चेंडूची होडी धरली. आपल्या उत्तरेकडच्या गोलमागे चार पावलांवर समुद्र, निम्मे फटके पाण्यात जातात, कुणीतरी होडीत बसून चेंडू काढायलाच लागतो. आधी कुणीही बसायचं. हानुस गेल्यापासून फक्त दान्यल. पाऊस असो, वारा असो, प्रत्येक सामन्याला गोलमागे, काठावरच्या लोखंडी कडीला लांब दोरानं बांधलेल्या होडीत, हातात लांब दांड्याची जाळी, पाठ आमच्याकडे, तोंड समुद्राकडे. तो सामना बघतच नव्हता रे.

यंदाचा ड्रॉ. नावेच्या घरात सगळे. वरच्या बादलीत आपण, खालून निघाला माल्टाचा एक क्लब. सगळे खूश, गरम देशातली पोरं, इथे येऊन गारठतील! लगेच दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीचाही ड्रॉ, पहिली फेरी खेळायच्या आधीच. तेव्हा मिक्यल, आपला कप्तान, सुताराचं डोकं, त्याला कळेना.

"आब्सलोन, आपण जिंकू की नाही हेच माहीत नाही, मग पुढच्या फेरीच्या बादलीत नाव कुणाचं टाकतात?"

"जोडीचं टाकतात. 'आपण किंवा माल्टा' असं. अन् गुण धरतात जोडीतल्या मोठ्याचे, म्हणजे आपले. जो जिंकेल तो त्या जागेवर जाऊन बसतो."

"म्हणजे माल्टानं आपल्याला हरवलं तर..."

"तर आपली जागा त्यांची. आपले गुण लावून ते पुढे खेळणार. पुढच्या फेरीतही वरच्या बादलीत शेवटचं नाव आपलंच आहे, तिथे ते बसणार."

"ही तर चोरी झाली!"

"चोरी नाही, वारसा," आब्सलोन म्हणाला, अन् सगळे हसले.

दान्यल मागे उभा होता. तो नाही हसला. म्हणाला, "आब्सलोन, पाच वर्षं मोजतात ना?"

"हो."

"मग हे त्याचं पाचवं."

आब्सलोन तरंगा हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "हो, दान्यल. यंदा आपण खेळतोय तोवर त्याचे गुण चालतायत. आपण बाहेर पडलो की... पुढच्या वर्षीच्या बेरजेत ते वर्ष नाही."

दान्यलनं मान हलवली अन् सरळ माझ्याकडे आला. माझ्याशी तो कधी बोलायचा नाही, बार्तल. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले, मासे बघावेत तसे, अन् म्हणाला, "जेवढ्या फेऱ्या देता येतील तेवढ्या दे, रोई."

आता सांग, असं कुणी म्हटल्यावर माणसाला झोप लागेल?

पहिला सामना माल्टात. उकाडा, काय उकाडा! मैदानाबाहेर निवडुंग, आमच्या पोरांच्या कानांचे शेंडे भाजलेले. अन् सामन्यात त्यांना पेनल्टी मिळाली. मी गोलात. अन् अचानक पाठीला गार लागलं. वारा नाही बरं का, पानही हलत नव्हतं. गार, अन् वास आला, ओहोटीच्या वेळी आपल्या खडकांना येतो तो, शेवाळाचा. अन् माझ्या मागून, जाळीच्या आतून, अगदी हळू...

"डावी."

मी विचार केला नाही. डावीकडे उडालो. चेंडू हातात. पोरं अंगावर, कुणी डोक्यात चापट मारतंय, "भाडेकरू, घर तुझंच झालं!" अन् मी हातमोजे काढले तर आतून ओले. घाम असणार म्हणशील. मी जीभ लावून बघितली. घामही खारटच असतो, मान्य. पण घाम एवढा गार असतो? तिकडे, त्या भट्टीत?

कुणाला सांगितलं नाही. एक एक बरोबरी घेऊन घरी आलो. त्यांचा गोली होता झेप्पी म्हणून, सामन्यानंतर शर्ट बदलायला आला, हसरा, माझ्यापेक्षा टकलू, मोडक्या इंग्रजीत म्हणाला, माझा बापही मासेमार, तुमच्याकडे कुठला मासा मिळतो? मी म्हटलं, ये, खायला घालतो. चांगला माणूस.

घरी सरावाला उत्तरेच्या गोलात उभा राहिलो की मागे कुणीतरी आहे असं वाटायचं. भीती नव्हे रे. बसमधे शेजारची जागा भरलेली असते तसं. एकदा सराव संपल्यावर मी हळूच म्हटलं, "हानुस, खुंटी हवीय मला, रागावू नकोस." काही नाही. फक्त दान्यलनं होडीतून मान वळवली, जणू त्याला कुणी हाक मारली. अन् मग पुन्हा समुद्राकडे तोंड.

दुसरा सामना. सकाळपासून धुकं दारात बसलेलं. माल्टाची पोरं दोन दोन जॅकेटं घालून उड्या मारतायत, आमची पोरं अर्ध्या बाहीत ऐट करतायत. अन् सामन्याच्या देखरेखीला एक पाहुणा आलेला, गळ्यात बिल्ला, पायात असे बूट की आपल्या गवतावर दोनदा घसरला. तो गोलमागे आला अन् थांबला.

"ही होडी कशाला?"

"चेंडू आणायला," आब्सलोन म्हणाला.

"मग हा दोर कशाला?"

"होडी आणायला."

"अन् तो माणूस?"

"तो दोन्ही आणायला."

पाहुणा हसला नाही. म्हणाला, इथे छायाचित्रकार बसणार, दोरात पाय अडकून कुणी पडेल, काहीतरी करा. एवढंच म्हणाला, बिचाऱ्याचा दोष नाही. दोर खडकांवरून फिरवून घेता आला असता. पण आब्सलोननं काय केलं? कडीचा दोर सोडून टाकला अन् गुंडाळी करून बाजूला ठेवली. आपण! जे लोक छपराला साखळदंड घालतात, कचऱ्याचा डबासुद्धा खडकाला बांधतात, त्या आपण परक्या साहेबासमोर गावंढळ दिसू नये म्हणून होडी मोकळी सोडली. अन् दान्यलनं? वल्ही हातात घेतली अन् बसला.

सामना कसा झाला विचारू नकोस, कुणाला दिसलाच नाही. पुन्हा एक एक. जादा वेळ, तरी एक एक. मग पेनल्ट्या, अन् नाणेफेकीत गोल कुठला निघाला? उत्तरेचा.

मी उभा राहिलो. पाठीला गार. "उजवी." अडवली! त्यांच्या पुढच्या दोघांच्या वेळी तो काहीच बोलला नाही, दोन्ही आत गेल्या. मग, "डावी." बोटांची टोकं लागली, खांबाला लागून बाहेर. मी वेडा झालो होतो, बार्तल, मला वाटत होतं मी मरणारच नाही कधी. आमच्या चारांतल्याही दोनच आत गेल्या होत्या, म्हणजे बरोबरी. पाचवी आमची, मिक्यलची. अन् मिक्यलनं, सुतारानं, ज्याचा खिळा कधी वाकडा जात नाही, चेंडू असा मारला की आडव्या खांबावरून धुक्यात, अन् मग तो आवाज, टप्प, पाण्यात.

मागे वल्ह्यांचा आवाज आला. दान्यल चेंडू आणायला निघाला. नेहमीसारखा.

त्यांची पाचवी. आत गेली तर ते पुढे. मी अडवली तर अजून चालू, अन् मला माहीत होतं मी अडवणार, कारण तो माझ्या मागे होता. माल्टाचा दहा नंबर आला, चेंडू ठेवला, चार पावलं मागे गेला. रेफरीनं शिट्टी तोंडात धरली. मी वाट बघतोय. डावी की उजवी. डावी की उजवी, हानुस, सांग.

गार वाढलं. असं की दात वाजायला लागले. अन् तो म्हणाला,

"बाबा."

मला कळलंच नाही आधी. मनात म्हटलं, डावी की उजवी? शिट्टी वाजली. दहा नंबर निघाला. अन् माझ्या कानाजवळ, आता हळू नाही, घाईत, लहान पोर दारातून हाक मारतं तसं,

"बाबा!"

अन् मग मला ऐकू आलं, काय ऐकू येत नाहीये ते. वल्ही. वल्ह्यांचा आवाजच नव्हता.

मी वळलो. बस, हाच तो व्हिडिओ. गोली वळतो, जाळीच्या बाजूनं धावतो, धुक्यात नाहीसा होतो, अन् दहा नंबर थबकतो, इकडेतिकडे बघतो, अन् चेंडू हळूच रिकाम्या गोलात ढकलतो. हसणारी तोंडं. तो तरी काय करणार? मारू नये का त्यानं?

काठावर आलो तर होडी नाही. दोराची गुंडाळी तशीच. अन् टोकापलीकडचा प्रवाह तुला माहीतच आहे, मेंढरू पडलं तर अर्ध्या वाटेत लोकर सोलून काढेल असला. मी दोर कमरेला गुंडाळतोय, गाठ बसेना, हातमोजे ओले, अन् कुणाचे तरी हात आले अन् अशी गाठ मारली, नाविकाची, एका झटक्यात. झेप्पी. तो गोलच्या कोपऱ्याशी उभा होता ना, त्यानं माझं तोंड बघितलं म्हणे, अन् आपण जिंकलो की नाही हे बघायलाही थांबला नाही. दुसरं टोक स्वतःच्या अंगाभोवती घेतलं, पाय खडकाला लावले, अन् म्हणाला, "जा."

उडी मारली. त्या पाण्याचं काय सांगू, छातीवर दार आपटावं तसं. काही दिसेना. ओरडलो, "दान्यल!" उत्तर नाही. दोर संपत आला, कमरेला ताण बसला, अन् मी परतणारच होतो, खरंच परतणार होतो, तेवढ्यात शेवाळाचा वास आला. एकाच बाजूनं. मी तिकडे हात मारले अन् हाताला लागला चेंडू. अन् चेंडूला मिठी मारलेला दान्यल.

झेप्पीनं ओढलं. मग माल्टाच्या बाकावरची पोरं आली, मग आब्सलोन, मग अख्खं गाव दोराला. काठावर घेतलं तेव्हा दान्यल निळा झाला होता, पण चेंडू सोडेना. कुणीतरी लोकरीचं घोंगडं टाकलं. आब्सलोन रडत होता, "दोर मी सोडला, दोर मी सोडला." दान्यलनं डोळे उघडले अन् पहिलं वाक्य काय बोलावं?

"अडवलीस का?"

मी म्हटलं, "नाही. मी इकडे आलो."

"का?"

सगळे ऐकत होते, तरी मी सांगितलं. "कुणीतरी बाबा म्हणालं."

त्यानं चेंडू आणखी छातीशी ओढला. मग म्हणाला, "मी चेंडू घ्यायला वाकलो की तो हातभर पुढे सरकायचा. वाकलो की सरकायचा. मला वाटलं तोच खेळतोय माझ्याशी, लहानपणी खेळायचा तसा. मग तोल गेला. होडी निघून गेली. अन् मग, रोई, चेंडू आपणहून माझ्याकडे आला. प्रवाहाच्या उलटा. छातीशी येऊन थांबला." मग त्यानं विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?"

मी म्हटलं, "घाईत होता."

दान्यलनं डोळे मिटले. होडी दुसऱ्या दिवशी टोकापलीकडे सापडली. वल्ही आत. शेजारी शेजारी.

तर आपण बाहेर. माल्टा पुढे. गावात निम्मे मला डोक्यावर घेतात, निम्मे विचारतात, "अरे, एक पेनल्टी अडवून मग गेला असतास तर?" मिक्यल तर म्हणतो, मी हुकवली ते कुणाला आठवत पण नाही, तुझे उपकार. अन् दान्यल आपण होऊन पाद्रीकडे गेला. दगड आणा म्हणाला. "शेवटचं काम करून गेला तो," म्हणाला, "आता त्याला कुणी मोजायला नको. मीही नको." मग खोलीत आला, एक नंबरचा शर्ट काढून घडी घातली, छातीशी धरला, अन् माझी बॅग जमिनीवरून उचलून त्या खुंटीला अडकवली. इतकी हवी होती ना मला ती खुंटी? मी तिकडे बघू शकत नव्हतो.

आता खरं ऐक. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

परवा रविवारी दगड रोवला. सकाळी सगळे चर्चच्या आवारात, मी अन् मिक्यल दगड धरून, दान्यल खाली माती दाबतोय. अन् माझ्या खिशात फोन थरथरला. दगड टेकल्यावर मी कोपऱ्यात जाऊन बघितला. झेप्पी. तू पाहिलं असशील, गुरुवारी त्यांचा दुसऱ्या फेरीतला पहिला सामना झाला, आमच्या जागेवर, वरच्या बादलीतून, अन् झेप्पीनं पेनल्टी अडवली.

त्यानं लिहिलं होतं, मित्रा, तुमचा म्हातारा बरा आहे का? मग लिहिलं होतं, एक विचारायचं आहे, हसू नकोस. पेनल्टीच्या वेळी माझ्या पाठीला थंडी वाजली, आमच्याकडे, या दिवसांत! अन् जाळीतून कुणीतरी एक शब्द बोललं. आमच्या भाषेतला नाही. मला कळला नाही, मी अंदाजानं उडालो. जसा ऐकला तसा लिहितोय, तुमच्या बोलण्यासारखा वाटला. याचा अर्थ काय होतो?

अन् खाली त्यानं त्याच्या अक्षरांत लिहिलेलं, सगळं चुकीचं, पण मी तोंडातल्या तोंडात वाचलं.

डावी.

तो गेलेला नाही, बार्तल. जागा त्यांची झाली अन् तो जागेबरोबर गेला. आपल्या गुणांबरोबर. तिकडे, त्या निवडुंगांत, एका परक्या माणसाच्या मागे उभा राहून आपल्या भाषेत सांगतोय, अन् त्या माणसाला कळतही नाहीये. येत्या गुरुवारी दुसरा सामना आहे त्यांचा. जिंकले तर अजून एक फेरी.

मी फोन खिशात टाकला अन् वळलो तर दान्यल समोर. हाताला माती. अन् गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा त्याचं तोंड असं... मोकळं. जेवून झोपलेल्या माणसासारखं. त्यानं दगडावर हात ठेवला अन् मला विचारलं, अगदी सहज,

"आता तो कुठेच मोजला जात नाही ना, रोई?"

मी म्हटलं, "नाही, दान्यल. कुठेच नाही."

तो म्हणाला, "बरं झालं." अन् घरी गेला, बटाटे अन् वाळवलेलं मटण काढून ठेवलं होतं, सगळ्यांना बोलावलं होतं.

अन् मी त्या भिंतीशी उभा राहून झेप्पीला त्या शब्दाचा अर्थ लिहून पाठवला. दुसराही शब्द शिकवला, उजवी. पुढच्या वेळी अंदाज करू नकोस, ऐक, असंही लिहिलं. मग बराच वेळ बोट तसंच ठेवून शेवटी तिसरा शब्दही लिहिला. म्हटलं, हा कधी ऐकू आला तर सगळं सोडून मला फोन कर.

तेव्हापासून मी गुरुवारची वाट बघतोय अन् दान्यलच्या घरावरून जाताना मान खाली घालतोय. तू त्याला ओळखतोस, लहानपणापासून ओळखतोस. त्या दगडावर हात ठेवून त्यानं तुला विचारलं असतं, तर तू काय सांगितलं असतंस?